बारी ताईची होती

शेवटच्या दाराच्या आत एक दीपमाळ असायला हवी होती. माझं एवढंच म्हणणं आहे आणि ते मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आलो आहे. पण ऐकणाऱ्याला आधी दीपमाळ म्हणजे काय ते सांगावं लागतं, मग दार कुठलं, मग तो जपानी गेम कसला, आणि तोवर ऐकणारा उठून जातो. म्हणून आता लिहूनच टाकतो.

मी नाशिकच्या मखमलाबादचा. आमची शेती कालव्याखाली. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर, दोडका, जे सकाळी पंचवटीच्या बाजारात खपेल ते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला आणि पदवी घेतलेला अख्ख्या भावकीत पहिला. हे मी मान खाली घालून सांगत नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. नोकरी मात्र लागेना. सकाळी एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचो आणि दुपारी घरी. दोन हजार सालाच्या पुढची, लोडशेडिंगच्या काळातली ही गोष्ट आहे.

त्याच्या आधी, नव्वदच्या दशकात, आम्ही टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले व्हिडिओ गेम खेळलो होतो. उडी मारा, गोळी मारा, मेलात की पहिल्यापासून सुरू करा. त्यात कोणाची तक्रार नव्हती, कारण पहिल्यापासून म्हणजे तरी किती, पाच-दहा मिनिटांपूर्वीपासून.

हा गेम वेगळा होता. ओझरच्या कारखान्यात अप्रेंटिस असलेल्या माझ्या मित्राचा मामा जहाजावर होता. त्याने भाच्याला जपानहून एक मशीन आणून दिलं. ते तिकडच्या कमी व्होल्टेजवर चालायचं, म्हणून त्याच्याबरोबर विटेएवढा जड कन्व्हर्टर. मित्राने दोन दिवस खेळून सगळं गाठोडं माझ्याकडे आणून टाकलं.

"मला नको बाबा. ह्याच्यात नुसतं वाचायचंच आहे. तू बी.ए. ना? घे, वाच."

सीडी कुठून तरी कॉपी केलेली, इंग्रजीतली होती. मी वाचायला बसलो.

त्याच सुमाराला, माघात, ताईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं. ताई माझ्याहून मोठी, मनमाडला दिलेली, दाजी रेल्वेत. दहावीला तिला माझ्यापेक्षा बरे मार्क होते, पण दोघांचं कॉलेज झेपायचं नाही असं घरात ठरलं आणि ते ठरवताना तिला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आता डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. उठबस नको, वजन उचलायचं नाही. ताईला असं सांगणं म्हणजे शिक्षा. ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पडून छताकडे बघत राहायची, आणि टीव्हीही त्याच खोलीत होता.

दोन दुपारी ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दुपारी म्हणाली, "ओठ काय हलवतोस एकटाच? मोठ्याने वाच की. आणि मराठीत वाच. मला काय क्लास लावायचा नाहीये तुझ्याकडे."

मग मी मोठ्याने, मराठीत वाचायला लागलो.

गोष्ट अशी होती. एक मुलगी, होडीवाल्याची. ती बाजाराला म्हणून नदीपलीकडे जाते, आणि परत येते तर तिचं गाव जागेवर नसतं. नुसतं धुकं. गावातल्या माणसांची आठवणही दुसऱ्या कोणाला नाही. शेजारच्या गावात विचारलं तर लोक म्हणतात, इथे गाव कधी नव्हतंच. ती गाव शोधायला निघते. वाटेत तिला सोबती मिळतात. एक पलटण सोडून आलेला शिपाई, त्याला ताई फौजी म्हणायची. एक औषधपाणी करणारी म्हातारी, ती सुईणबाई. आणि एक भलंमोठं अस्वल, जे स्वयंपाक करतं. अस्वलाला ताईने नाव ठेवलं नाही. "अस्वल ते अस्वलच," म्हणाली.

"पोचते का ती गावाला?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मला काय माहीत? मी पण पहिल्यांदाच खेळतोय."

"मग लवकर खेळ. मला जायच्या आधी कळलं पाहिजे."

हेच तिचं त्या चार-पाच महिन्यांतलं एकमेव मागणं होतं. डोहाळे विचारले तर "काही नको" म्हणणारी बाई, पण ती पोरगी गावाला पोचते की नाही हे तिला मनमाडला परत जायच्या आत बघायचं होतं.

आता या गेमचं चांगलं काय ते आधी सांगतो, म्हणजे नुसतं रडगाणं गातो असं कोणी म्हणायला नको. त्यातली गावं खरी होती. पडद्यावरचा विहिरीवरचा माणूस पहिल्या दिवशी पावसाबद्दल बोलायचा. आपण पुढे जाऊन काही उद्योग करून परत आलो की तोच माणूस बायकोच्या आजारपणाबद्दल बोलायचा. त्याच्याशी बोलून काही मिळायचं नाही. बक्षीस नाही, तलवार नाही. तरी ताई प्रत्येक गावात प्रत्येक घरी जायला लावायची. "त्या विहिरीवाल्याची बायको बरी झाली का बघ." मुक्कामाला शेकोटी पेटली की सोबती आपापसात बोलायचे, अस्वलाने खिचडीत मीठ जास्त टाकलं म्हणून फौजी कुरकुर करायचा. आणि संगीत. त्या होडीवाल्याच्या मुलीची एक चाल होती. आमची आई स्वयंपाकघरात भाकरी थापताना नकळत ती गुणगुणायची आणि विचारलं तर म्हणायची, भजनाची आहे.

लढाया मात्र अशा, की माझ्या कॉलेजच्या मित्रांनी बघून पोट धरून हसावं. आपली माणसं एका बाजूला रांगेत उभी, राक्षस दुसऱ्या बाजूला. आपण एक मारायची, मग त्याने एक मारायची. आपली बारी असेल तेव्हा तो हात वर करून नुसता थांबलेला. चहा पिऊन या, तो थांबलेलाच.

"अरे हा येडा आहे का?" एक मित्र म्हणाला होता. "उभा काय राहतो? मार ना."

त्याला उत्तर मी दिलं नाही. नानांनी दिलं. नाना म्हणजे आमचे वडील, ते दारात बसून शेवंतीच्या जुड्या बांधत होते. "बारी नाय त्याची," ते मान वर न करता म्हणाले. "बारी मोडून कसा मारील?"

आमच्याकडे कालव्याचं पाणी बारीने येतं. ज्याच्या बारीचा वेळ आहे त्याने पाटाचं आपलं दार उघडायचं, बाकीच्यांनी बांधावर बसून राहायचं, पीक करपत असलं तरी. दुसऱ्याच्या बारीला दार फोडणारा माणूस आमच्या शिवारात कसा ओळखला जातो हे मी इथे लिहीत नाही. त्यामुळे आमच्या घरात ती लढाई कोणाला समजावून सांगावी लागली नाही. उलट आम्ही त्यात आणखी एक नियम घातला. फौजी आणि अस्वल यांची बारी आली की रिमोट माझ्याकडे, सुईणबाई आणि ती मुलगी यांची आली की ताईकडे. दिवाणावरून हात पुढे करायची, मी रिमोट द्यायचो. कोणी कोणाच्या बारीत बोट घालायचं नाही.

आता वाईट काय ते.

पहिलं म्हणजे, या गेममध्ये धड चालता येत नाही. चार पावलं टाकली की ढॅण्ण करून पडदा फिरतो आणि लढाई. संपली, पुन्हा चार पावलं, पुन्हा तीच वटवाघळं. विहिरीवरून घरापर्यंत जाईपर्यंत जर कोणी दर चार पावलांवर अंगावर येत असेल तर त्या गावात कोणी राहील का? ज्याने हे केलं त्याला दुपारी दुसरं काही काम नसावं, किंवा आम्हाला नसेल अशी त्याची समजूत असावी.

दुसरं, बोलणं थांबत नाही आणि थांबवताही येत नाही. राजा बोलायला लागला की बोलतच राहतो. एक ओळ उमटते, बटण दाबा, दुसरी उमटते. महत्त्वाच्या प्रसंगात तर बटणही चालत नाही. आपल्या वेगाने ओळ येते आणि मी मराठी वाक्य जुळवेपर्यंत निघूनही जाते. त्यात ती इंग्रजी जपानीवरून कोणी केली होती देव जाणे. क्लासमध्ये अशी लिहिणाऱ्या पोराला मी बाकावर उभा केला असता. "तुमचं दुःख आमच्या सकाळीत जड आहे," असं काहीतरी एक सेनापती म्हणाला.

"म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"म्हणजे त्याला वाईट वाटलं."

"मग तसं म्हण ना. बी.ए. झालास ते कशाला?"

तिसरं आणि सगळ्यात वाईट, दीपमाळा. या गेममध्ये आपण केलेलं काम जपून ठेवता येतं, पण कुठेही नाही. रस्त्यात ठरावीक ठिकाणी दगडी खांब असतो, त्यावर दिवे. तिथे जाऊन उभं राहिलं की सगळं मशीनमधल्या छोट्या कार्डावर जमा होतं. ताईने पहिल्यांदा बघितला तेव्हाच म्हणाली, "ही तर देवळापुढची दीपमाळ." तेव्हापासून आमच्या घरात दीपमाळच. दोन दीपमाळांच्या मधे मेलात किंवा लाइट गेली, तर मागच्या दीपमाळेपासूनचं सगळं गेलं.

आणि लाइट तर जायचीच. वेळापत्रक असायचं, पण ते ज्या दिवशी पाळलं जाईल तो दिवस आपला. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाण्याइतकाच दीपमाळेचा धोशा होता. नाना बाहेरून यायचे, चपला काढता काढता विचारायचे, "आली का दीपमाळ? लवकर करा, आळीतल्या डीपीवर माणूस चढलाय." मग मी पळत सुटायचो, आणि चार पावलांवर वटवाघळं. ती मारेपर्यंत पंखा थांबायचा, टीव्ही एक टिंब होऊन विझायचा, आणि ताई दिवाणावर डोळे मिटून घ्यायची.

"कुठपासून?" ती विचारायची.

"पुलापासून."

"म्हणजे राजाचं भाषण परत?"

"परत."

जपानमध्ये लाइट जात नसेल, हे मला समजतं. पण माणसाला मध्येच कोणी हाक मारत नाही का तिकडे? दारात पाहुणा येत नाही, दूध उतू जात नाही?

चैत्रात ताई बाळंत झाली, मुलगा झाला. काही दिवस मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. बारसं झाल्यावर तिनेच ते काढलं. बाळ झोळीत, झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला, हातात रिमोट. अशी आम्ही पुढची गावं पार केली. ज्येष्ठ लागला तेव्हा आम्ही शेवटच्या वाड्यापाशी आलो होतो. धुक्याच्या आत एक मोठा दरवाजा, दरवाज्याबाहेर दीपमाळ.

इथे आमच्या पिशवीबद्दल सांगायला हवं. प्रवासात एक दुर्मीळ औषध मिळायचं, निळी बाटली, जी पाजली की मरायला टेकलेलं माणूस ठणठणीत. ती कुठे विकत मिळत नाही. अवघड लढाईत मी म्हणायचो, काढू का? ताई म्हणायची, "राहू दे. राखीव आहे." आमच्या मळ्यात वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका तोडत नाहीत. त्याला चिंधी बांधतात. तो बियाण्याचा. घरात भाजी नसली तरी चिंधीच्या दोडक्याला कोणी हात लावत नाही. ताईने निळ्या बाटल्यांना तशी चिंधी बांधली होती. साध्या औषधी पाल्यावर दिवस काढत आम्ही पिशवीभर निळ्या बाटल्या राखल्या, शेवटच्या लढाईसाठी.

मनमाडहून निरोप आला. आषाढ लागायच्या आत बाळ-बाळंतिणीला न्यायला येतो. दाजी आणि ताईच्या सासूबाई जीपने येणार, जेवून लगेच निघणार, कारण दिवेलागणीला तान्हं मूल रस्त्यात नको. उजेडातच घराचा उंबरा ओलांडला पाहिजे. हा नियम आमच्याकडेही आहे, त्यामुळे त्यावर बोलायचा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी सकाळीच लाइट गेलेली. आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ताईची पिशवी बांधलेली, बाळाला तीट लावलेली. ती येऊन दिवाणावर बसली. "चल. उघड दार."

आम्ही दार उघडलं. आत लांबच लांब जिना, जिन्यात लढाया, आणि दीपमाळ कुठेही नाही. मला वाटलं, पुढच्या वळणावर असेल. पुढच्या वळणावर असेल, करत करत आम्ही वर पोचलो, आणि दारात जीप थांबल्याचा आवाज आला.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. त्यांना बसवायचं कुठे? पुढच्या खोलीत. ताई डोक्यावर पदर घेऊन उठली, पाया पडली, रिमोट माझ्या मांडीवर टाकून आत गेली. सासूपुढे मांडी घालून गेम खेळायची आमच्यात रीत नाही. मशीन बंद करावं तर जिना पुन्हा चढावा लागणार. मी तसाच बसून राहिलो.

दाजी दिवाणावर टेकले. "काय चाललंय, मेहुणे?"

"शेवटचं आहे, दाजी. संपतच आलंय."

"आणि हे ओळीत का उभे राहिलेत? रेशन घ्यायला?"

"बारी हाय, जावईबापू," नाना म्हणाले. "पाण्यासारखी."

ताईच्या सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही पोर कोणाची?"

मी सांगितलं. होडीवाल्याची, गाव हरवलंय, शोधतेय. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

शेवटचा राक्षस समोर आला तो बोलतच. किती बोलावं? माझं मराठी थकलं, आमरसाच्या वाट्या आल्या, पुऱ्या आल्या, तो बोलतोय. ताई आतल्या दाराशी वाढण्याच्या निमित्ताने उभी. लढाई सुरू झाली. फौजीची बारी, अस्वलाची बारी, मी माझं करून मोकळा. सुईणबाईची बारी आली की मी दाराकडे बघायचो. ताई पुरीचं ताट उजव्या हातात घ्यायची, म्हणजे औषध. डाव्या हातात घ्यायची, म्हणजे मार. हे आमचं ठरलेलं नव्हतं, पण मला कळत होतं.

मग त्या राक्षसाने हात फिरवला आणि आमची पिशवी बांधली गेली. खरंच. पडद्यावर पिशवीचं नाव फिकट झालं. उघडतच नाही. निळ्या बाटल्या सगळ्या आत.

मी दाराकडे बघितलं. ताईच्या हातात ताट तसंच.

हे मला आजवर पटलेलं नाही. ज्या गेमने माणसाला पहिल्या दिवसापासून राखून ठेवायला शिकवलं, त्यानेच शेवटी पिशवीला गाठ मारायची? आणि आधी एका शब्दाने सांगायचं नाही? गावोगावचे ते बडबडे लोक, विहिरीवाला, राजे, सेनापती, यांच्यातल्या एकाला तरी हे माहीत असायला नको होतं?

आम्ही मेलो. मरताना एकच बरं झालं, या शेवटच्या लढाईपुरतं गेमने विचारलं, पुन्हा लढायचं का? म्हणजे जिन्यावरून परत यावं लागणार नव्हतं. पण भाषण होतं. अख्खं भाषण, पहिल्या शब्दापासून.

"हा तर मघाशी म्हणाला हे सगळं," दाजी म्हणाले.

"आता परत म्हणणार," मी म्हणालो. "थांबवता येत नाही."

"आमचा स्टेशनमास्तर असाच आहे."

या वेळी आम्ही शहाणे झालो. पिशवीला गाठ पडायच्या आत ताईने ताट उजव्या हातात धरून ठेवलं, मी एकामागून एक बाटल्या पाजल्या. चिंधीचे दोडके तोडत असल्यासारखं वाटत होतं. राक्षस कोसळला. नाना "हां" म्हणाले. सासूबाई पुढे सरकल्या. मग धूर झाला, आणि धुरातून तोच राक्षस दुसरं रूप घेऊन उठला आणि बोलायला लागला.

नवीन भाषण. नवीन.

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. "किती वेळ आहे अजून?"

मला खोटं बोलता आलं नाही. "सांगता येत नाही, मावशी."

"संपलं असतं तर बघितलं असतं," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. "पण पोरगं उजेडात घरी पाहिजे. चला गं."

आईने ताईची ओटी भरली. पिशव्या जीपमध्ये गेल्या. ताई आई-नानांच्या पाया पडली. आतमध्ये भाषण चालूच होतं. मी जीपपर्यंत गेलो, बाळाचं गाठोडं तिच्या हातात दिलं.

"हो पुढे. बघ काय होतंय," ती म्हणाली. एवढंच. जीप मळ्याच्या रस्त्याने गेली.

मी आत आलो. भाषण संपलं होतं. लढाई उभी होती. फौजी आणि अस्वल जेमतेम तगून, राक्षसही आधीच्या जखमांसकट. मी फौजीची बारी खेळलो. राक्षसाने सुईणबाईला आडवं केलं. मी अस्वलाची बारी खेळलो. आणि मग त्या मुलीची बारी आली. पडद्यावर तिच्या नावापाशी बाण लुकलुकत होता. तिच्याकडे दोन गोष्टी शिल्लक होत्या, एक जोराचा वार आणि एक जप. वार केला तर राक्षस मरेल किंवा वाचेल. जप केला तर आमची माणसं तगतील किंवा न तगतील. राक्षस हात वर करून थांबलेला.

मी रिमोट खाली ठेवला.

आज मला लोक विचारतात, दाबायचं की एक बटण. मी विचार असा केला: जीप सहाच्या सुमाराला पोचेल. दाजींच्या घरी फोन आहे. फोन करतो, विचारतो, वार की जप. ती सांगेल, मी दाबतो. तोवर राक्षस थांबेलच, तेवढा तर तो गुण या गेममध्ये आहे. त्या दिवशी संध्याकाळी लोडशेडिंगही नव्हतं, मी वेळापत्रक बघून घेतलं होतं. यात चूक काय आहे ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

नाना मळ्यातून आले, चपला काढल्या, पडद्याकडे बघितलं.

"काय झालं? बंद पडलं?"

"नाही. थांबलंय."

"बारी कोणाची?"

"ताईची."

"मग राहू दे," म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं त्या बाणाकडे बघत बसलो. ती होडीवाल्याच्या मुलीची चाल पुन्हा पुन्हा वाजत होती.

लाइट साडेपाचला गेली. वेळापत्रकात नसताना. टीव्ही टिंब होऊन विझला. आणि थोड्या वेळाने परत आली ती अशी, की बल्ब पांढरे फटक पडले आणि कोपऱ्यातून जळका वास आला. मी बटण बंद करायला धावलो तोवर कन्व्हर्टर गेला होता. आणि त्याच्याबरोबर, हे दुसऱ्या दिवशी ओझरच्या मित्राने मशीन उघडून सांगितलं, आतलंही सगळं गेलं होतं. कार्ड तेवढं वाचलं. त्याच्यावर दाराबाहेरची दीपमाळ आहे. ते घालायला मशीन नाही.

सातला फोन वाजला. ताईच.

"उजेडातच पोचलो. बाळ झोपलाय. काय झालं सांग."

"लाइट गेली. कन्व्हर्टर जळाला."

"कधी? आधी की नंतर?"

"तुझ्या बारीला."

"माझ्या बारीला म्हणजे?"

मी सांगितलं. वार आणि जप, आणि फोन करून विचारणार होतो ते.

"भाऊ," ती म्हणाली, "मी जीपमध्ये बसले तेव्हापासून, निफाड गेलं, लासलगाव गेलं, मी म्हणतेय, आता भाऊने संपवलं असेल, आता सांगेल. आणि तू काय केलंस? बसून राहिलास?"

"बारी तुझी होती."

"अरे, ज्याची बारी तो गावाला गेला असेल तर शेजाऱ्याने पाणी घ्यायचं असतं. वाहून घालवायचं नसतं. बारा वर्षांच्या पोराला कळतं हे. तुला उगाच कॉलेजात घातलं."

मी फोन ठेवला. मग राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. ताईवर नाही, लाइटवर काढून उपयोग नाही. त्या जपान्यावर आला, ज्याने एवढा मोठा वाडा बांधला, एवढा जिना बांधला, विहिरीवरच्या माणसाच्या बायकोचं दुखणं लक्षात ठेवलं, आणि वर पोचल्यावर एक दगडी खांब उभा करायला विसरला.

नाना अजून विझलेल्या टीव्हीपुढेच बसले होते.

"पोचली का?"

"पोचली. उजेडात पोचली म्हणे. बाळ झोपलाय."

"आणि ती?" त्यांनी पडद्याकडे हनुवटी केली.

"तिचं काही कळलं नाही, नाना."

ते उठले, कन्व्हर्टरला हात लावून बघितला. अजून गरम होता.